इंजिन गेलेली स्वस्त स्पोर्ट्स कार घ्यावी की सोडावी? खान्देशातल्या नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने

नवी असताना चाळीस-पन्नास लाखांची असलेली दोन दारांची गाडी आज तीन-साडेतीन लाखांत दिसते. फोटोत रंग चकाचक, सीट लाल चामड्याच्या, आणि खाली एक ओळ: इंजिन काम आहे. फोन केला की उत्तर ठरलेलं असतं, "गाडी झकास शे भाऊ, फक्त इंजिननं काम शे." त्या 'फक्त'ची किंमत गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघू शकते. कधी मात्र व्यवहार खरोखर चांगला असतो. कोणता कसला, हे बयाणा देण्याआधी कळायला हवं. त्यासाठीच हा लेख आहे.

दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. इंजिन नेमकं कशामुळे गेलं? आणि त्या जागी जे इंजिन बसेल त्याचा नंबर आरसीवर चढेल का? यातलं एकही उत्तर अडलं तर गाडी सोडून द्या, मग ती कितीही देखणी असो.

गाड्यांचे दोन गट मनात वेगळे ठेवा. पहिल्यात ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड४, मर्सिडीज एसएलके. या बाहेरून तयार होऊन आलेल्या, संख्येने कमी, आणि त्यांचे दरवाजे, काचा, छत दुसऱ्या गाडीचे चालत नाहीत. दुसऱ्यात ऑक्टाव्हिया आरएस, पोलो जीटीआय, पुंटो अबार्थ. यांची इंजिनं साध्या गाड्यांच्याच घराण्यातली आहेत. अबार्थचं १.४ टी-जेट इंजिन कमी ताकदीत लिनियामध्येही होतं, त्यामुळे त्याचे भाग अजून सापडतात. पहिलाच प्रयोग असेल तर दुसऱ्या गटातली गाडी बघा.

१. बॉनेटच्या आधी कागद

गाडी बघायला जाण्यापूर्वी आरसीचा फोटो मागवा आणि एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून पाहा. बघायच्या गोष्टी या:

- नोंदणीची मुदत कधी संपते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण.
- बँकेचा बोजा आहे का. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ विक्रेत्याने आधी आणायचा, "नंतर पाठवतो" चालत नाही.
- थकलेली चलनं, ब्लॅकलिस्ट, विम्याची स्थिती.
- आरसीवरचं नाव आणि समोर बसलेला माणूस एकच आहे का. मधल्या दोन हातांनी नावावर केलीच नसेल तर सही करणारा मूळ मालक शोधणं तुमच्या गळ्यात पडेल.
- चोरीची नोंद. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय' सेवेत चेसिस आणि इंजिन नंबर टाकून हे तपासता येतं.

यातला पहिला मुद्दा सगळ्यांत जास्त लोकांना फसवतो. मुदत संपलेल्या गाडीचं नूतनीकरण करायचं तर ती आरटीओत तपासणीला न्यावी लागते, चालती. बंद गाडी तपासणीला कशी नेणार? म्हणजे आधी इंजिनावर दोन-तीन लाख घाला आणि मग कळेल की नोंदणी वाढते की नाही. आयात केलेल्या चारचाकीला नूतनीकरणाची फीही मोठी आहे: एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये, आणि २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांवरच्या गाडीला त्याच्या दुप्पट. नोंदणीची किमान तीन-चार वर्षं शिल्लक असलेलीच बंद गाडी बघा.

दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. बाहेरच्या राज्यातली गाडी कायमची इकडे ठेवायची तर एनओसी (फॉर्म २८), महाराष्ट्राचा एकरकमी कर आणि नवा नंबर हे सगळं येतं. कर मूळ किमतीवर आणि गाडीच्या वयावर ठरतो, आणि मूळ किंमत चाळीस लाखांची असेल तर घसारा धरूनही आकडा दुखतो. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या आरटीओत आरसीची झेरॉक्स दाखवून तो आकडा आधी काढून घ्या. स्वस्त गाडी तिथेच महाग झालेली दिसू शकते.

गाडी मोठ्या पुराच्या शहरातली असेल, उदाहरणार्थ २०१५ च्या डिसेंबरातल्या पुरावेळी चेन्नईत असलेली, तर विम्याचा क्लेम-इतिहास मागा. इंजिन पाण्याने गेलं असेल तर वायरिंग आणि कंट्रोल युनिटही त्याच पाण्यात होतं.

२. इंजिन का गेलं, हे विक्रेत्याच्या तोंडून आणि गाडीकडून वेगवेगळं ऐका

विक्रेत्याला साधे प्रश्न विचारा. चालता चालता बंद पडली की सकाळी सुरूच झाली नाही? आवाज आला होता का, कसला? तापमानाचा काटा चढला होता का? ऑइलचा लाल दिवा लागला होता का, आणि दिवा लागल्यावर गाडी किती किलोमीटर चालवली? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण खरं उत्तर देतात, कारण त्यातलं गांभीर्य त्यांना माहीत नसतं.

इंजिनाच्या मरणाचे प्रकार मोजके आहेत, आणि प्रत्येकाचा खर्च वेगळा.

टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ ठेवणारी साखळी) किंवा तिचा टेन्शनर (ती ताणून धरणारा भाग) जाणं. फोक्सवॅगन घराण्याच्या (ऑडी, स्कोडा त्यातच) ईए८८८ इंजिनाच्या दुसऱ्या पिढीत (साधारण २००८ ते २०१२) टेन्शनर कमकुवत होता. चेन उडी मारते, पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो, व्हॉल्व्ह वाकतात. ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) बहुधा वाचतो, हेडचं (वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाचं) काम निघतं. बंद इंजिनांत हा त्यातल्या त्यात बरा प्रकार.

ऑइल पिणं. याच पिढीत पिस्टनच्या ऑइल रिंगांची रचना आणि ऑइल परत जाण्याची बारीक छिद्रं यामुळे ऑइल जळतं. मालक पातळी बघत नाही, ऑइल संपतं, बेअरिंग जातात. इथे क्रँकपर्यंत (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यापर्यंत) खर्च जातो.

त्याआधीच्या २.० टीएफएसआय इंजिनात (दोन लिटर टर्बो पेट्रोल, ईए११३, टायमिंग बेल्टवालं, दुसऱ्या पिढीच्या टीटीत सुरुवातीला हेच होतं) हाय प्रेशर पंप आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या मधली छोटी वाटी झिजते. ती फुटली की कॅमशाफ्ट आणि पंप दोन्ही खराब होतात. फक्त वाटी झिजलेली असताना सापडली तर काम अगदी लहान असतं.

एसएलके ३५० च्या सुरुवातीच्या एम२७२ इंजिनात बॅलन्स शाफ्टची (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याची) चक्री झिजते. सुटा भाग मोठा नाही, पण तिथपर्यंत पोहोचायला इंजिन उतरवावं लागतं, म्हणून मजुरी मोठी.

गरम होऊन हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) जाणं. जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांचा. पुण्या-मुंबईत जो रेडिएटर अर्धा चोंदून चालून गेला, तो इथे एसी लावून सिग्नलला उभा राहिला की उघडा पडतो. हेड वाकलेलं असेल तर घासून सरळ करता येतं, तेही एका मर्यादेपर्यंतच.

पाणी ओढणं. पावसाळ्यात पुलाखालच्या पाण्यात गाडी घातली, पाणी सिलिंडरमध्ये गेलं, पाणी दाबलं जात नाही म्हणून कनेक्टिंग रॉड वाकला. नेहमीच्या विम्यात हे नुकसान सहसा नाकारलं जातं, त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं. विक्रेता "विमा मिळाला नाही" म्हणाला की हा प्रकार आधी तपासा.

३. स्वतःच्या डोळ्यांनी तपासणी

सोबत न्यायचं सामान: १४ पासून २४ पर्यंतचे सॉकेट आणि लांब हँडल, स्पार्क प्लगचा सॉकेट, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं), मोबाइलला जोडायचा बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा), त्या कंपनीच्या गाड्या वाचणारा स्कॅनर, चांगली बॅटरी आणि जंपर केबल, लोहचुंबक, पांढरं फडकं, एक लिटर इंजिन ऑइल आणि मोठी टॉर्च. शक्य असेल तर कॉम्प्रेसर आणि लीक-डाउन गेज (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारं). सोबत मिस्त्री न्या, पण विक्रेत्याच्या ओळखीचा नको. त्याची दिवसाची मजुरी आणि येण्या-जाण्याचा खर्च तुम्हीच द्या, म्हणजे तो तुमच्या बाजूने बोलेल.

क्रम महत्त्वाचा आहे. विक्रेता उत्साहाने चावी फिरवायला जाईल, त्याला थांबवा. चेन सुटलेली असेल तर स्टार्टरच्या एका झटक्याने उरलेले व्हॉल्व्हही वाकतील.

आधी ऑइल. डिपस्टिक काढून पांढऱ्या फडक्यावर पुसा. दुधाळ, लोण्यासारखं असेल तर पाणी मिसळलंय. मग ऑइल फिल्टर काढून कापा. त्याचा कागद लांब उलगडून उन्हात तिरका धरा. काळं ऑइल असतंच, त्यात बघायचं ते चमकणारे कण. तांब्यासारखा लालसर चुरा म्हणजे बेअरिंगचा आतला थर निघालाय. पांढरट, चुंबकाला न चिकटणारे पापुद्रे म्हणजे अॅल्युमिनियम, बहुधा पिस्टन. चुंबकाला चिकटणारी टोकदार कणी म्हणजे चेन किंवा चक्री. विक्रेता फिल्टर कापू देत नसेल तर नव्या फिल्टरचे पैसे तिथेच त्याच्या हातात ठेवा. तरीही नाही म्हणाला तर गाडीत बसा आणि परत या.

मग सगळे प्लग काढा आणि क्रमाने मांडून ठेवा. एकाच प्लगचं टोक चेपलेलं असेल तर त्या सिलिंडरमध्ये काही तरी फुटून फिरलंय. एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर तिथे कूलंट शिरत होतं.

आता बोअरस्कोप प्रत्येक भोकातून खाली सोडा. सिलिंडरच्या भिंतीवर तिरप्या होनिंगच्या (दगडाने घासून आणलेल्या) बारीक रेषा दिसल्या पाहिजेत. उभे ओरखडे, नख अडकेल असे, दिसले तर बोअर (सिलिंडरचं भोक) गेला. पिस्टनच्या डोक्यावर अर्धचंद्राच्या आकाराचा ठसा दिसला तर तो व्हॉल्व्हचा आहे. कार्बनचा पट्टा एका सिलिंडरमध्ये इतरांपेक्षा खाली थांबलेला दिसला तर रॉड वाकून आखूड झालाय. पाणी ओढल्याची ती पक्की खूण.

प्लग बाहेर असतानाच क्रँकच्या बोल्टला लांब हँडल लावून इंजिन हाताने फिरवा, फक्त त्याच्या नेहमीच्या दिशेने, सावकाश, पूर्ण दोन फेरे. मध्येच टणक अडलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका. दोन फेरे मोकळे झाले तरच कॉम्प्रेशन घ्या: इंधन आणि स्पार्क बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा धक्के. धडधाकट पेट्रोल इंजिनात आकडा साधारण १० ते १३ बार असतो. थंड इंजिनात थोडा कमी आला तर घाबरू नका, सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक जास्त महत्त्वाचा. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

लीक-डाउन गेज असेल तर हवा सोडून कान लावा. इनटेककडून फुसफुस म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून म्हणजे रिंगा, कूलंटच्या टाकीत बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट किंवा तडा. वीस-पंचवीस टक्क्यांवर गळती असेल तर इंजिन उघडावंच लागेल.

शेवटी स्कॅनर. सगळ्या युनिटचे कोड काढून फोटो घ्या. कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नसल्याचा पी००१६ सापडला तर चेनची गोष्ट खरी आहे. गिअरबॉक्स आणि एबीएसच्या युनिटमध्ये किलोमीटरची नोंद बऱ्याचदा वेगळी साठलेली असते. मीटरवर ६०,००० आणि तिथे १,३०,००० दिसले तर बोलणं तिथेच संपवा.

४. जे तपासता येत नाही ते खराबच धरा

इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्स, टर्बो, एसी, पॉवर स्टिअरिंग, अल्टरनेटर यातलं काहीच चालवून बघता येत नाही. नवखा माणूस म्हणतो, बाकी सगळं चांगलं असेल. तुम्ही उलट धरा. ड्युअल क्लच गिअरबॉक्स असेल तर त्याच्या दुरुस्तीचा आकडा हिशेबात लिहा. निघालाच चांगला तर तेवढे पैसे वाचले. कोरडा सात-गिअरवाला डीएसजी (फोक्सवॅगन घराण्याचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स) आणि त्याचा मेकाट्रॉनिक भाग (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) आपल्या उष्ण, थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत त्रास देतो हे जुन्या मालकांना चांगलं माहीत आहे. ओला सहा-गिअरवाला त्या मानाने दणकट, पण त्याचंही ऑइल वेळेवर बदललेलं असावं लागतं. बिलं मागा.

टर्बोचा पाइप काढून आतला पंखा बोटांनी हलवा. आजूबाजूला नावालाच हलला तर ठीक, पुढे-मागे हलत असेल तर टर्बो गेला. छत उघडणारी गाडी असेल तर बॅटरी लावून छत दोनदा उघडून बंद करा. एसएलके आणि झेड४ च्या छताची एक मोटर किंवा हायड्रॉलिक पाइप अख्ख्या क्लचकिटइतका खर्च मागू शकतो.

गाडी वखारीत किंवा मळ्यातल्या शेडमध्ये पडून राहिली असेल तर बॅटरीच्या ट्रेखाली आणि इंजिनाच्या आवरणाखाली टॉर्च मारा. उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग हे आपल्याकडचं फार मोठं दुखणं आहे, आणि ते इंजिन बसवून झाल्यावर उघडकीला येतं. टाकीत वर्षभर पडलेलं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं, ते काढून टाकावं लागेल. जुन्या गाड्यांचे रबरी इंधन पाइपही बदलायचे धरा.

५. तीन वाटा: हेडचं काम, ब्लॉक बांधणं, इंजिन बदलणं

ब्लॉक आणि क्रँक शाबूत असेल तर फक्त हेडचं काम: व्हॉल्व्ह, गाइड, सील, हेड घासणं, नवा टायमिंग किट. सगळ्यांत स्वस्त वाट, आणि इंजिन नंबर तोच राहतो.

दुसरी वाट म्हणजे स्वतःचाच ब्लॉक बांधून घेणं. जळगाव, धुळ्याला ट्रॅक्टर-ट्रकची बोअर-होनिंगची कामं करणारे उत्तम लेथवाले आहेत, पण आधी ब्लॉक कशाचा आहे ते बघा. ईए८८८ चा ब्लॉक बीडाचा (ओतीव लोखंडाचा) आहे, २.० लिटरमध्ये बोअर ८२.५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ९२.८ मिमी. तो बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवता येतात. काही जर्मन इंजिनांत मात्र सिलिंडरच अॅल्युमिनियम-सिलिकॉनचे असतात. त्यांना साधा होनिंग दगड लावला की भिंतीचा कठीण थर खराब होतो आणि चालू होणारा ब्लॉक भंगारात जातो. असा ब्लॉक असेल तर तीच कामं नेहमी करणाऱ्या ठिकाणीच द्या, त्यासाठी पुणे-मुंबईला पाठवावा लागला तरी. कोणत्याही लेथवाल्याने बोअर गेजने वर, मध्ये, खाली, आणि आडवं-उभं मोजून आकडे लिहून दिल्याशिवाय ब्लॉक कापू देऊ नका.

तिसरी वाट म्हणजे पूर्ण इंजिन बदल. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल तर दुसरा इलाज नाही. वेळ कमी लागतो, पण कागद वाढतात.

माझं मत स्पष्ट आहे: ब्लॉक वाचत असेल तर दुसरी वाट धरा. पैसे जवळपास तेवढेच लागतात, आत काय बसलंय ते आपल्याला माहीत असतं, आणि आरटीओची अर्धी धावपळ वाचते.

६. वापरलेलं इंजिन घेताना

कुर्ला, दिल्लीचं मायापुरी, अशा बाजारांत इंजिनं मिळतात. मेरठचा सोतीगंज बाजार २०२१ च्या शेवटी चोरीच्या गाड्यांच्या भागांमुळे बंद करण्यात आला, हे लक्षात ठेवा. चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या बॉनेटखाली सापडलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

इंजिनासोबत हे घ्या: जीएसटी बिल ज्यावर इंजिन नंबर छापलेला आहे, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत किंवा स्क्रॅपचं प्रमाणपत्र, आणि बाहेरच्या देशातून आलेलं म्हणत असतील तर बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद). वापरलेल्या सुट्या मालाची आयात खुली नाही, परवानगी लागते. कागद नसेल तर ते इंजिन तुमच्या उपयोगाचं नाही.

नाव एक, इंजिन वेगळं, हा घोटाळा सर्रास होतो. ऑडी ए४ मध्ये २.० टीएफएसआय उभं बसतं, टीटी आणि ऑक्टाव्हियात आडवं. घराणं एकच, पण ऑइल सम्प (खालची ऑइलची टाकी), ब्रॅकेट, फिल्टर हाउसिंग वेगळं. म्हणून फक्त "दोन लिटर टर्बो" असं सांगून मागवू नका. ब्लॉकवरची इंजिन कोडची अक्षरं जुळवा. आणि वरच्या टप्पा ३ मधली तपासणी याही इंजिनावर करा: बोअरस्कोप, हाताने दोन फेरे, सम्प उघडून एक तरी बेअरिंग. "चालू गाडीतून काढलंय" याला पुरावा म्हणजे काढण्याआधीचा, नंबर दिसणारा व्हिडिओ.

७. हिशेब

आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गाडीचे दर फोन करून भरा. समजा तीच गाडी, त्याच सालाची, चालू स्थितीत ९ लाखांना जाते. बंद गाडीचे ३.५ लाख मागतायत.

- वापरलेलं इंजिन, बिलासह: २,००,०००
- सोबत बदलायचे भाग (टायमिंग किट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, मागचा क्रँक सील, माउंट, क्लच, ऑइल कूलर, गॅस्केट): ९०,०००
- मजुरी: ५०,०००
- कोडिंग, एसी गॅस, ऑइल, कूलंट: १५,०००
- फ्लॅटबेडच्या (गाडी पाठीवर चढवून नेणाऱ्या ट्रकच्या) फेऱ्या: ३५,०००
- टायर, बॅटरी, ब्रेक: ८०,०००
- कागद: २५,०००

बेरीज ४,९५,०००. यावर अनपेक्षित खर्चाचे २५ टक्के, म्हणजे जवळपास १,२४,०००. एकूण ६,१९,०००. इंजिन बदललेली गाडी पुढे विकताना १० टक्के तरी कमी मिळतात, म्हणून ९ ऐवजी ८,१०,००० धरा. त्यातून ६,१९,००० वजा केले की उरतात १,९१,०००. तुम्ही जास्तीत जास्त एवढेच देऊ शकता. विक्रेता तीन लाखांच्या खाली येत नसेल तर तेवढ्याच एकूण पैशात चालू गाडी घ्या आणि पहिल्या दिवसापासून चालवा.

ही गाडी रोजची असणार असेल तर उत्तर आणखी सोपं: घेऊ नका. काम सहा आठवड्यांचं सांगितलं तर चार-सहा महिने धरा, आणि तोवर घरात दुसरी गाडी हवी.

८. आरटीओ: इंजिन बसवण्याआधी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिनसुद्धा आरटीओच्या मंजुरीनेच बसवायचं. क्रम असा ठेवा:

- आधी गाडी स्वतःच्या नावावर करा: फॉर्म २९ आणि ३०, आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन, चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. बंद गाडीची पीयूसी काढता येत नाही, म्हणून जुनी पीयूसी संपायच्या आत नावावर करता येईल का ते कार्यालयात विचारून घ्या.
- मग इंजिन बदलाचा अर्ज, नव्या इंजिनाचं बिल आणि जुन्याचं काय करणार याचा कागद जोडून.
- मंजुरीनंतर बसवा, मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासून घ्या, आरसीवर नवा नंबर चढवा.
- विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीतला नंबर बदला. हे राहिलं तर अपघाताच्या वेळी क्लेम अडतो.

"जुनाच नंबर नव्या ब्लॉकवर ठोकून देतो" असं सांगणारा भेटेल. तो गुन्हा आहे. त्याला नाही म्हणा.

९. गाडी आणणं

दोरी बांधून ओढत आणू नका. ऑटोमॅटिक, डीएसजी किंवा चारही चाकांना ताकद देणारी गाडी चाकांवर ओढली तर गिअरबॉक्स वाटेतच जातो. फ्लॅटबेडच हवा, तोही लांब उताराच्या फळीचा, नाहीतर पुढचा बंपर घासतो. अशा गाड्यांची कामं जाणणारे गॅरेज नाशिक, संभाजीनगर, इंदूर, सुरत इकडे जास्त. धुळ्याहून नाशिक किंवा जळगावहून संभाजीनगर साधारण १६० किलोमीटर, म्हणजे गाडी थेट गॅरेजवर उतरवा. घरी आणून मग नेली तर भाडं दुप्पट.

१०. बसवताना आणि पहिले हजार किलोमीटर

बेअरिंग जाऊन इंजिन मेलं असेल तर जुना ऑइल कूलर आणि टर्बोचे ऑइल पाइप पुन्हा वापरू नका. त्यांच्या आतल्या बारीक नळ्यांत धातूचा चुरा अडकलेला असतो आणि कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही. नवं इंजिन सुरू झालं की तो सुटतो आणि नव्या बेअरिंगमध्ये जातो. इंजिन बदलून पाचशे किलोमीटरात पुन्हा जाम झाल्याच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. गॅरेजवाला कूलर धुऊन देतो म्हणाला तरी नवा आणा.

हेडचे आणि इतर ताणून बसणारे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, नवे घ्या आणि टॉर्क रेंचनेच आवळू द्या. इंजिन बाहेर असतानाच क्लच, मागचा सील, माउंट बदला. नंतर त्याच कामासाठी पुन्हा सगळं उतरवावं लागेल.

पहिल्यांदा सुरू करताना इंधन पंपाचा रिले काढून स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग रिले लावा. सुरू झाल्यावर कूलंटमधली हवा नीट काढून घ्या. आपल्या उन्हात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी हेड पुन्हा तापतं.

पहिले हजार किलोमीटर जोरात पळवू नका, एकाच वेगात लांबही चालवू नका. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला आणि तो फिल्टरही कापून बघा. स्वच्छ निघाला तर दुपारच्या उन्हात एसी लावून लळिंग घाट किंवा अजिंठ्याचा घाट सावकाश चढवा. वर पोहोचल्यावर इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं थांबा, तापमान बघा आणि गाडीखाली वाकून कुठे थेंब पडतोय का ते पाहा. गॅरेजवाल्याचे शेवटचे पैसे या चढाईनंतर द्यायचे, हे काम देतानाच लिहून घ्या.